डॉक्टरांच्या आज्ञेवांचून नाहीं : एका नियमाचा इतिहास

दुखऱ्या सांध्यावर तेल लावून चोळावयाचें, आखडलेला हात हळूहळू मोकळा करावयाचा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आधार देऊन पुन्हां पायांवर उभें करावयाचें, या गोष्टी मनुष्यानें कायद्याला विचारून सुरू केल्या नाहींत. आमच्या तालमींतून वस्ताद मंडळी पठ्ठ्यांचें मर्दन करीत आलीं. घरोघर बाळंतिणीला व तान्ह्या मुलाला चोळून न्हाऊं घालणाऱ्या बायका येत गेल्या. त्यांपैकीं कोणालाहि परवाना लागला नाहीं. परंतु हीच कला ज्या दिवशीं शिक्षणाचा, परीक्षेचा आणि उपजीविकेचा विषय होते, त्या दिवशीं एक अवघड प्रश्न उभा राहतो. रोग्याच्या अंगावर हा हात कोणाच्या अधिकारानें ठेवला जातो? उपचार करणाराच्या स्वतःच्या, कीं दुसऱ्या कोणाच्या? आणि कांहीं विपरीत घडल्यास जाब कोणी द्यावयाचा? आज जिला आपण फिजिओथेरपी अथवा भौतिकोपचार म्हणतों, त्या विद्येचा सुमारें एकशें तीस वर्षांचा इतिहास म्हणजे बहुतांशीं याच प्रश्नाचा इतिहास होय. इंग्लंडांत तो विशेष स्पष्टपणें दिसतो. म्हणून आजचें विवेचन मुख्यतः त्या देशापुरतें ठेवून शेवटीं आपल्याकडे वळावें, असें योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत लंडन शहरीं अंगमर्दनाचें मोठें प्रस्थ माजलें. त्याचें मूळ अमेरिकेंत होतें. फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध वैद्य सायलस वेअर मिचेल यांनीं १८७७ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध करून मज्जातंतूंच्या दौर्बल्यावर विश्रांति, भरपूर आहार, विजेचा प्रयोग आणि मर्दन अशी उपचारांची योजना मांडली. लंडनचे डॉ. प्लेफेअर यांनीं ती इंग्लंडांत रूढ केली. आठवडेच्या आठवडे निजवून ठेवलेल्या रोग्याचे स्नायु निकामी होऊं नयेत म्हणून रोज मर्दन करणारें कुशल माणूस हवें. तें काम परिचारिकांकडे व सुइणींकडे आलें. मागणी वाढली तसे शिकविणारे वाढले, आणि थोडक्या दिवसांच्या शिक्षणावर प्रशस्तिपत्रें वांटणाऱ्यांना ऊत आला. कोणीं काय शिकावें, परीक्षा कोणीं घ्यावी, याला कांहींच धरबंध नव्हता.

अशा स्थितींत १८९४ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या वैद्यकीय पत्रानें एक स्फोट केला. अर्नेस्ट हार्ट हे त्या वेळीं त्याचे संपादक होते. शहरांत मर्दनगृहांच्या पाट्या लावून कित्येक ठिकाणीं प्रत्यक्षांत वेश्याव्यवसाय चालतो, वर्तमानपत्रांतील मोहक जाहिराती ही त्याचीच खूण आहे, आणि शिक्षणाच्या आमिषानें आलेल्या तरुण मुली या जाळ्यांत सांपडतात, असा त्याचा आरोप होता. आरोपांत तथ्य होतें. परंतु त्याचा आघात झाला तो प्रामाणिकपणें पोट भरणाऱ्या स्त्रियांवर. मर्दन करणारी बाई म्हणतांच सभ्य माणसाच्या भुंवया वर जाऊं लागल्या. विद्या खरी, हात स्वच्छ, परंतु नांव बदनाम, असा हा प्रसंग होता.

यांतून वाट काढण्यासाठीं चार स्त्रिया पुढें झाल्या. रोझालिंड पॅजेट, ल्यूसी मेरिअन रॉबिन्सन, एलिझाबेथ अ‍ॅन मॅन्ली आणि मार्गरेट डोरा पामर हीं त्यांचीं नांवें. या सर्व परिचर्येच्या व सुइणपणाच्या क्षेत्रांतील होत्या. पैकीं पॅजेटबाईंना पुढें १९३५ सालीं 'डेम' हा बहुमानाचा किताब मिळाला. १८९४ सालींच या चौघींनीं 'सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस', म्हणजे शिक्षित मर्दनकर्त्रींची संस्था, स्थापन केली. संस्थेनें परीक्षा सुरू केल्या, उत्तीर्ण झालेल्यांची यादी ठेवली, आणि सभासदांसाठीं थोडेच पण अत्यंत कडक नियम केले. डॉक्टरांच्या आज्ञेवांचून कोणतेंहि मर्दन करावयाचें नाहीं. पुरुषांचें सर्वांगमर्दन करावयाचें नाहीं. डॉक्टरांनीं विशेष विनंति केल्यास निकडीचा वा शुश्रूषेचा प्रसंग तेवढा अपवाद. केवळ वैद्यकीय पत्रांवांचून इतरत्र जाहिरात द्यावयाची नाहीं. रोग्यांना औषधें विकावयाचीं नाहींत.

हे चार नियम लक्षपूर्वक पाहिले तर त्यांचा रोख सहज ध्यानांत येतो. दुसरा व तिसरा नियम अब्रूच्या रक्षणासाठीं होता. चौथा नियम डॉक्टरांना व औषधविक्यांना दिलेलें आश्वासन होतें, कीं आम्ही तुमच्या शेतांत पाऊल टाकणार नाहीं. आणि पहिला नियम हा या साऱ्यांचा आधारस्तंभ होता. प्रत्येक रोग्यामागें डॉक्टरची चिठ्ठी असली म्हणजे मर्दनकर्त्रीच्या दारांत येणारा मनुष्य कोण व कशासाठीं आला, हें विचारण्याचें कारणच उरत नाहीं. डॉक्टरची सही हा तिच्या शीलाचा दाखला झाला.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. हा नियम पार्लमेंटानें लादलेला नव्हता, डॉक्टरांच्या संघानेंहि लादलेला नव्हता. तो या स्त्रियांनीं आपण होऊन स्वीकारला. त्या काळीं इंग्लंडांत स्त्रियांना पार्लमेंटच्या निवडणुकींत मताचा अधिकार नव्हता, आणि स्त्री-डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नसल्या तरी थोड्याच होत्या. ज्यांच्यामागें राज्यसत्ता नाहीं, संपत्ति नाहीं, त्यांनीं आपल्या स्वातंत्र्याचा कांहीं भाग देऊन प्रतिष्ठा विकत घेतली, असाच या व्यवहाराचा अर्थ करावा लागतो.

त्याच वेळीं स्वीडनकडे पाहावें म्हणजे भेद स्पष्ट होतो. स्टॉकहोम येथें पेर हेन्रिक लिंग यांनीं १८१३ सालीं राजाश्रयानें व्यायामशास्त्राची मध्यवर्ती संस्था काढली होती, आणि तींत रोगनिवारक व्यायामाचेंहि शिक्षण मिळे. तेथील पदवीधरांत लष्करी अधिकारी पुष्कळ असत. १८८७ सालीं स्वीडनच्या सरकारी आरोग्यमंडळाकडे या व्यावसायिकांची नोंद होऊं लागली. तेथें विद्येमागें राजा होता व सैन्य होतें. लंडनांत चार परिचारिका होत्या. विद्या जवळजवळ तीच, परंतु तिचा अधिकार किती, हें ती कोणाच्या हातीं आहे यावर ठरलें.

इंग्लंडांतील कायद्याची एक विचित्र बाजूहि सांगितली पाहिजे. १८५८ सालच्या वैद्यकीय कायद्यानें डॉक्टरांची नोंदवही केली. परंतु नोंद नसलेल्या माणसानें रोग्यावर उपचारच करूं नये, असें त्या कायद्यानें म्हटलें नाहीं. खोटी पदवी लावूं नये, एवढाच निर्बंध होता. त्यामुळें हाडें बसविणारा हाडवैद्य कोणाचीहि चिठ्ठी न मागतां खुशाल धंदा करूं शके. सर हर्बर्ट बार्कर हे अशांपैकीं सर्वांत नामांकित. त्यांना वैद्यकीय पदवी नव्हती, तरी १९२२ सालीं त्यांना सरदारकी मिळाली. उलट त्यांच्या रोग्यांना भूल देण्याचें साहाय्य केलें म्हणून डॉ. अ‍ॅक्सम यांचें नांव जनरल मेडिकल कौन्सिलनें १९११ सालीं नोंदवहींतून काढून टाकलें होतें. म्हणजे शिक्षण नसलेला मोकळा, आणि त्याला हात लावणारा डॉक्टर मात्र दोषी! डॉक्टरांकडून रोगी यावे अशी ज्यांची इच्छा, त्यांना डॉक्टरांच्या कुंपणाच्या आंत राहणें भाग होतें, तें यामुळें. परीक्षा देऊन शिकलेली मर्दनकर्त्री बांधलेली आणि न शिकलेला स्वतंत्र, हा विरोधाभास या व्यवसायाला पुढें पुष्कळ काळ जाचला.

संस्थेला १९०० सालीं व्यापारखात्याकडून कायदेशीर अस्तित्व मिळालें. परंतु तिचें खरें भाग्य उदयास आलें तें पहिल्या महायुद्धानें. ऑगस्ट १९१४ मध्यें आल्मेरिक पॅजेट व त्यांच्या पत्नी यांनीं स्वतःच्या खर्चानें पन्नास शिक्षित मर्दनकर्त्रींचें एक पथक युद्धकार्यासाठीं उभें केलें. फुटलेलीं हाडें, तुटलेल्या नसा, तोडलेले अवयव घेऊन सैनिकांचे लोंढे परत येऊं लागले, आणि शस्त्रक्रियेनें वांचलेला पाय चालता करावयाचा तर शस्त्रक्रियेनंतरहि महिनोगणती कोणी तरी खपावें लागतें, हें राष्ट्राला दिसलें. पन्नासांचें पथक वाढत जाऊन त्याची संख्या हजारांवर गेली. पुरुषाच्या अंगास हात लावण्याची बंदी असलेल्या या स्त्रिया आतां हजारों पुरुषांना पुन्हां चालावयास शिकवीत होत्या. नियम पुस्तकांत राहिला आणि गरजेनें त्याला वळसा घातला. युद्धांत दृष्टि गमावलेल्या कित्येक सैनिकांनींहि सेंट डन्स्टन्सच्या आश्रयानें हीच विद्या शिकून आपला चरितार्थ चालविला. १९२० सालीं राजा पंचम जॉर्ज यांनीं राजकीय सनद दिली, मँचेस्टरची समानधर्मी संस्था हिच्यांत विलीन झाली, आणि पुरुषांनाहि सभासदत्व खुलें झालें. सनदेनें मान दिला. आज्ञेचा नियम मात्र जागच्या जागीं राहिला.

पुढील चाळीस वर्षांचा इतिहास शब्दांच्या झगड्याचा आहे, आणि शब्द वरवर क्षुल्लक वाटले तरी त्यांत हक्क सांठविलेले असतात. १९३६ सालीं ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या पुढाकारानें एक नोंदणी-मंडळ निघालें. त्यांत या व्यावसायिकांस 'वैद्यकीय साहाय्यक' म्हणत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालींच काम करणें ही नोंदणीची अट होती. १९४४ सालीं संस्थेनें मर्दन हा शब्द आपल्या नांवांतून काढून 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी' असें नांव धारण केलें. १९४८ सालीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली व यांपैकीं बहुसंख्य लोक सरकारी नोकर झाले. आपल्या नोकरांची पात्रता काय, हें आतां सरकारलाच ठरविणें भाग पडलें. सर झकरी कोप यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनीं १९५१ सालीं अहवाल दिला. कायद्यानें नोंदणी करावी अशी त्यांची शिफारस होती, परंतु त्यांतील डॉक्टरांचें वजन व 'साहाय्यक' हें बिरुद दोन्ही व्यावसायिकांना रुचलीं नाहींत. वाटाघाटींत नऊ वर्षें गेलीं, आणि १९६० सालीं जो कायदा झाला त्यांत 'वैद्यकाचे साहाय्यक' जाऊन 'वैद्यकास पूरक व्यवसाय' असा शब्द आला. सात व्यवसायांचीं सात मंडळें झालीं. त्यांत भौतिकोपचाराचें एक होतें.

या कायद्यानें रक्षण केलें तें केवळ 'राज्यनोंदित' या विशेषणाचें. आरोग्यसेवेंत नोकरी हवी असेल तर नोंद हवी; पण बाहेर दुकान थाटून स्वतःस फिजिओथेरपिस्ट म्हणविण्यास कोणालाहि मोकळीक होती. कायदा दोन प्रकारांनीं बंधन घालूं शकतो. अमुक कृति अमुकानेंच करावी असें तो म्हणूं शकतो, किंवा अमुक नांव अमुकानेंच लावावें असें म्हणूं शकतो. अमेरिकेंतील संस्थानांनीं आपापल्या कायद्यांत या व्यवसायाची व्याप्ति शब्दांनीं बांधून दिली; नेब्रास्का संस्थानानें १९५७ सालींच डॉक्टरच्या चिठ्ठीची अट न घालतां कायदा केला, आणि इतर बऱ्याच संस्थानांस त्यासाठीं पुढें दशकेंच्या दशकें लागलीं. ब्रिटननें दुसरा मार्ग धरला. नांव राखावयाचें, आणि कृतीची मर्यादा प्रत्येकाच्या शिक्षणावर व विवेकावर सोंपवावयाची.

आतां आज्ञेच्या नियमाकडे पुन्हां वळूं. १८९४ सालीं तो ढाल होता. साठ-सत्तर वर्षांनीं त्याचें स्वरूप पार पालटलें होतें. भौतिकोपचाराचा विद्यार्थी शरीररचना, इंद्रियविज्ञान, विजेचे व उष्णतेचे गुणधर्म, श्वसनाचे व्यायाम यांचें वर्षानुवर्षें अध्ययन करूं लागला. सेंट टॉमस रुग्णालयांत जेम्स मेनेल व त्यांच्या मागून जेम्स सिरिअ‍ॅक्स या डॉक्टरांनीं सांधे व पाठीचे मणके हातानें मोकळे करण्याची कलाहि भौतिकोपचारकांना शिकविली. जी गोष्ट हाडवैद्यांची म्हणून वैद्यकानें हेटाळली होती, तीच शास्त्राच्या दारानें आंत आली. इकडे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला या विषयाचें शिक्षण बेताचेंच मिळे. त्यामुळें उष्णता, मर्दन व व्यायाम असे ठराविक शब्द लिहिण्याचा प्रघात पडला. कोणता व्यायाम, किती वेळ, केव्हां थांबावयाचें, हें प्रत्यक्षांत हात लावणाराच ठरवी. कागदावर मात्र आज्ञा दुसऱ्याची. ज्याला ज्ञान आहे त्याला अधिकार नाहीं, आणि ज्याला अधिकार आहे त्याला त्या बारकाव्याचें ज्ञान नाहीं, अशी ही अवस्था होती. आणि आज्ञाच चुकीची असली तर? ती पाळून रोग्यास इजा झाली तर हात कोणाचा आणि दोष कोणाचा?

या प्रश्नाचें उत्तर मोठ्या कायद्यानें दिलें नाहीं. एका सरकारी परिपत्रकानें दिलें. १९७३ सालीं मॅक्मिलन समितीनें या व्यवसायांना उपचाराच्या निवडींत अधिक मोकळीक असावी असें सुचविलें होतें. १९७७ सालीं आरोग्यखात्यानें वैद्यकीय व पुनर्वसनाच्या व्यवसायांतील संबंधांविषयीं परिपत्रक काढलें. त्याचा आशय मोठा मार्मिक आहे. डॉक्टर जेव्हां रोग्यास उपचारकाकडे पाठवितो, तेव्हां तो दुसऱ्या एका शिक्षित व्यावसायिकाचें साहाय्य मागत असतो. जो उपचार रोग्यास अपायकारक आहे असें उपचारकाचें शिक्षण त्यास सांगतें, तो करण्याचें नाकारणें हें त्याचें कर्तव्य होय, आणि त्या कर्तव्यांतूनच नाकारण्याचा हक्क निघतो. तसेंच रोग्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या डॉक्टरलाहि, अमुक उपचार अपायकारक वाटल्यास तो करूं नका, असें सांगण्याचा हक्क आहे. येथें हक्क आधीं व कर्तव्य मागून असा क्रम नाहीं. आधीं रोग्याविषयींचें कर्तव्य, आणि तें पार पाडतां यावें म्हणून हक्क. माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत मोलाची ओळ हीच.

याच सुमारास चिठ्ठीची सक्तीहि सैल झाली. ऑस्ट्रेलियांतील भौतिकोपचारकांच्या संघानें १९७६ सालीं आपल्या नीतिनियमांतून डॉक्टरच्या चिठ्ठीची अट काढून टाकली, आणि ब्रिटनमधील व्यावसायिकहि त्यानंतर लवकरच रोग्यास प्रथम भेटीचा मनुष्य म्हणून स्वतः तपासूं लागले. २००३ सालीं नवी नोंदवही उघडली, तेव्हांपासून 'फिजिओथेरपिस्ट' हें नांवच कायद्यानें राखून ठेवण्यांत आलें. नोंद नसतां तें लावणें हा गुन्हा झाला. आणि २०१३ सालीं योग्य तें जादा शिक्षण घेतलेल्या भौतिकोपचारकांस स्वतंत्रपणें औषधें लिहून देण्याचा अधिकार मिळाला. औषधें विकणार नाहीं अशी शपथ घेऊन ज्या व्यवसायाचा जन्म झाला, त्याच्याच वारसांना औषधाच्या चिठ्ठीवर सही करण्याचा मान मिळण्यास सुमारें एकशें वीस वर्षें लोटलीं.

आपल्या देशांत या विद्येचें रीतसर शिक्षण रुजलें तें मुंबईंत. १९५० नंतरच्या पहिल्या वर्षांत बालपक्षाघाताची, म्हणजे पोलिओची, सांथ मुंबईंत फैलावली आणि लुळ्या पडलेल्या मुलांची काळजी घेणारीं शिक्षित माणसें नाहींत हें ध्यानांत आलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनें १९५३ सालीं परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली. ज्या शास्त्राबरोबर पश्चिमेकडील शिक्षणक्रम आला, त्याबरोबर डॉक्टरांच्या आज्ञेची परंपराहि आली. परंतु कायदा आला नाहीं. १९५५ सालीं व्यावसायिकांचा अखिल भारतीय संघ निघाला, शाळा वाढल्या, पदव्या आल्या. तरी कोणीं हें नांव लावावें व कोणीं लावूं नये, हें सांगणारा कायदा महाराष्ट्रांत व्हावयास २००२ साल उजाडावें लागलें. त्या सालच्या अधिनियमानें व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची एक राज्य-परिषद योजिली.

साऱ्या देशासाठीं कायदा झाला तो २०२१ सालीं, आरोग्यविषयक संलग्न व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापण्यासाठीं. त्याच्या परिशिष्टांत भौतिकोपचारकाची जी व्याख्या दिली आहे, ती या इतिहासाच्या प्रकाशांत वाचण्यासारखी आहे. रोग्याची सर्वांगीण तपासणी, योग्य त्या चांचण्या, उपचार व सल्ला हीं सर्व त्याच्या कामांत मोडतात. व्यायाम, सांध्यांची हालचाल, वीज, उष्णता हीं त्याचीं साधनें. निदान हा शब्दहि त्यांत आला आहे. तो स्वतंत्रपणें अथवा अनेक व्यावसायिकांच्या गटांत राहून काम करूं शकेल, असें स्पष्ट म्हटलें असून पदवी ही किमान पात्रता ठरविली आहे. लंडनच्या चौघींनीं १८९४ सालीं जें स्वातंत्र्य सोडून दिलें, तें भारताच्या संसदेनें एका वाक्यांत लिहून दिलें.

म्हणून त्या चौघींचा नियम चुकीचा होता असें कोणी समजूं नये. तो नसता तर शिक्षित मर्दनकर्त्री आणि मर्दनगृहाची पाटी यांतील अंतर लोकांस कोणीं समजावून दिलें असतें? आणि त्या नियमाच्या आडोशानें जी परीक्षा, जी शिस्त, जें शास्त्र वाढलें, त्यांच्याच बळावर पुढें तो नियम मोडावयाची पात्रता आली. डॉक्टरांचा विरोधहि सर्वस्वीं स्वार्थाचा म्हणतां येणार नाहीं. पाठदुखी म्हणून आलेल्या मनुष्याच्या मणक्यांत क्षय अथवा अर्बुद असूं शकतें. तें न ओळखतां त्या पाठीवर जोर दिला तर अनर्थ होईल, ही भीति खरी होती व आजहि खरी आहे. स्वतंत्रपणें रोगी तपासण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याच्यावर हें काम माझें नव्हे, याला प्रथम डॉक्टरकडे जाऊं द्या, असें ओळखून सांगण्याचीहि जबाबदारी आली. पूर्वीं ती चिठ्ठी लिहिणाराची होती. आतां ती हात ठेवणाराची आहे.

व्यवसायाव्यवसायांतील अधिकाराच्या सीमेवरून वाद आजहि होतात आणि पुढेंहि होतील. असा वाद कानीं आला म्हणजे कोणाचा मान वाढला व कोणाचा घटला याचा हिशेब करण्यापूर्वीं, ही सीमा रोग्याचें रक्षण करते कीं केवळ एखाद्या वर्गाचें, एवढें विचारावें. १९७७ सालच्या त्या परिपत्रकानें तोच प्रश्न विचारला होता. त्याचें उत्तर ज्या बाजूस रोग्याचें हित सांपडेल, त्या बाजूस कायद्यानें हळूहळू कां होईना पण सरकत जावें, एवढीच या इतिहासाची शिकवण आहे.